पंचविसावी बाटली

डॉक्टर : ...म्हणजे हे तिसऱ्यांदा.

बाबा : दुसऱ्यांदा.

लेक : तिसऱ्यांदा, डॉक्टर. आई जाऊन चार महिने झाले, त्यात तिसऱ्यांदा. मधल्या वेळचं ह्यांनी मला कळूच दिलं नाही. शेजारच्या वहिनींचा फोन आला तेव्हा कळलं.

बाबा : मधलं धरायचं नसतं. ते दीड दिवसात आपोआप थांबलं.

डॉक्टर : काका, पोट बिघडलं की ते धरायचं. आज सकाळपासून किती वेळा जाऊन आलात?

बाबा : चार. म्हणजे तीन. चौथ्या वेळी नुसताच बसून आलो.

लेक : बाबा!

बाबा : त्यांनी विचारलं म्हणून सांगितलं. अर्धवट माहिती देऊ का? आमच्या पाणीखात्यात अर्धवट माहिती दिली की कागद परत यायचा.

डॉक्टर : जीभ दाखवा. अजून बाहेर. हं... कोरडी आहे. मीठ-साखरेचं पाणी घेताय ना, मागच्या वेळी सांगितलेलं?

बाबा : दर तासाला एक ग्लास. एकदाही चुकवलं नाही.

डॉक्टर : छान. आणि खाणं काय चाललंय? सकाळपासून सांगा.

बाबा : सकाळी चहा-बिस्किट.

डॉक्टर : दुपारी?

बाबा : दुपारी उलटं. आधी बिस्किट, मग चहा.

डॉक्टर : आणि संध्याकाळी?

बाबा : संध्याकाळी मी फारसं खात नाही. चहा घेतो. आता नुसता चहा पोटात जायला नको, म्हणून मग...

लेक : बिस्किट.

बाबा : खारं. संध्याकाळी खारं घेतो.

लेक : डॉक्टर, मी दर रविवारी दोन तास बसमधून येते. भात, भाज्या, उसळी, चार-पाच दिवस पुरेल एवढं करून डब्यांत भरून ठेवते. पुढच्या रविवारी डबे रिकामे. मला वाटायचं, चला, बाबा जेवतात तरी. काल कळलं, खालचा चौकीदार जेवतो.

बाबा : त्याला तुझ्या हातचं फार आवडतं.

लेक : त्याचं पोट सुटलंय, बाबा! शर्टाची बटणं लागत नाहीत त्याची! आणि तुमची विजार दोरीने बांधावी लागतेय.

बाबा : एकट्याने पान वाढून घ्यायचं, समोर कुणी नाही... घास फिरत राहतो तोंडात. बिस्किट उभ्या उभ्या खाता येतं.

डॉक्टर : हं.

लेक : म्हणून मी ठरवलंय. आज ह्यांना घेऊन जाते. दोनची बस आहे. बॅग भरून आणलीये.

बाबा : ती बॅग माझी आहे?

लेक : पाच शर्ट आहेत त्यात तुमचे.

बाबा : मी मघापासून विचार करतोय, डॉक्टरकडे यायला एवढी मोठी बॅग कशाला! आणि मीच ती जिन्यावरून उचलून आणली. बघा डॉक्टरीणबाई, मलाच पळवून न्यायचं आणि हमालीही मीच करायची.

लेक : घर बंद करायचं. तिसऱ्या वेळी नेणार, असं मी मागेच सांगितलं होतं. म्हणून तर तुम्ही तिसऱ्याला दुसरं म्हणताय.

बाबा : मी येत नाही.

लेक : मग कसं राहणार? कोण बघणार तुमच्याकडे?

बाबा : मी माझ्या घरात राहणार. पोट काय, आज बिघडतं, उद्या बरं होतं. त्यासाठी कुणी घराला कुलूप लावतं का? डॉक्टरीणबाई, तुम्ही सांगा हिला.

डॉक्टर : मी आधी तुमचा रिपोर्ट सांगते. परवा शौचाचा नमुना तपासायला दिला होतात, त्याचा आलाय. जंतू निघालेत.

बाबा : कुठल्या लॅबचा? बाटली निर्जंतुक होती का?

डॉक्टर : काका, ती डबी होती आणि ती तुम्हीच भरली होतीत.

बाबा : मग नमुना बरोबर असणार.

डॉक्टर : तर हे जंतू पोटात जातात दोनच वाटांनी. न धुतलेल्या हातांनी, नाहीतर पाण्यातून.

बाबा : हात तर नाही. हात मी कोपरापर्यंत धुतो, साबणाने. चौतीस वर्षांची सवय आहे. गावभरच्या नळांवरून पाण्याचे नमुने गोळा करणाऱ्या माणसाचे हात घाण असून चालतील का? माझ्या हातांमुळे आख्खा वॉर्ड नापास व्हायचा.

डॉक्टर : मग राहिलं पाणी.

बाबा : पाणी? पाणी तर शक्यच नाही.

डॉक्टर : का?

बाबा : अहो, नळाचं पाणी आहे! तपासलेलं! मी त्याच खात्यात होतो. चौतीस वर्षं मी थेट नळाचं पितोय. गाळणं नाही, यंत्र नाही, उकळणं नाही. आमच्याकडे नळाला पाणी येतं पहाटे एक तास. ते पिंपात भरायचं आणि पिंपाचं प्यायचं. इतक्या वर्षांत पोट दुखून एक गोळी घेतली असेल तर शपथ.

डॉक्टर : थांबा. उकळणं नाही?

लेक : नाही नाही, डॉक्टर, उकळतात ते. मी स्वतः पाहिलंय. दर रविवारी मी येते तेव्हा गॅसवर ते मोठं पातेलं खळखळत असतं. ते बघूनच तर मी पाण्याबाबत निर्धास्त होते. मला वाटलं, हे सगळं त्या बिस्किटांचं.

बाबा : ते होय? ते आंघोळीचं.

लेक : काय?

बाबा : आंघोळीचं पाणी. ते आंघोळीचं पातेलं आहे. तुझी आई रोज सकाळी त्यातच माझं आंघोळीचं पाणी तापवायची. आता मी तापवतो.

डॉक्टर : आणि प्यायचं?

बाबा : नळाचं. पिंपातलं.

डॉक्टर : आणि ते मीठ-साखरेचं पाणी? ते कुठल्या पाण्यात करत होता?

बाबा : पिंपातल्याच. ताजं. दर तासाला एक ग्लास, सांगितलं ना.

डॉक्टर : अरे देवा.

लेक : डॉक्टर... तुम्ही ह्यांना सांगितलं नव्हतंत?

डॉक्टर : मी? मला वाटलं, काकूंनी जाताना सांगितलं असेल. नाहीतर तुम्ही.

लेक : आई चार दिवस दवाखान्यात होती, त्यातले तीन शुद्धीत नव्हती. मला वाटलं, तुम्हीच सांगितलंत. नाहीतर हे पातेलं कशाला चढवतील?

बाबा : काय सांगायचं राहिलंय?

डॉक्टर : ताई, तुम्ही बोला.

लेक : मी का? डॉक्टर तुम्ही आहात.

डॉक्टर : वडील तुमचे आहेत.

बाबा : तुम्ही दोघी एकमेकींकडे काय बघताय? मोठा आजार आहे का? असेल तर सांगा, मी काही घाबरणारा नाही.

लेक : बाबा, आजार नाही. ते पातेलं... ते आंघोळीचं नव्हतं.

बाबा : म्हणजे?

लेक : प्यायचं होतं. आई रोज सकाळी प्यायचं पाणी उकळायची. तुमच्या देखत. तुम्ही कामावर गेलात की गार करून पिंपात भरायची. तुम्ही संध्याकाळी येऊन ग्लास भरून प्यायचात आणि म्हणायचात, वा, नळाचं पाणी ते नळाचं पाणी.

बाबा : काहीतरीच. मी तिला कितीदा पाहिलंय. सुट्टीच्या दिवशी मी स्वयंपाकघरात गेलो की पातेलं गॅसवर असायचंच. विचारलं की म्हणायची, तुमच्या आंघोळीचं.

लेक : मग दुसरं काय सांगणार? पिण्याचं उकळतेय म्हणाली असती तर तुम्ही काय केलं असतंत? आठवतंय ना, शेजारच्या काकांनी पाण्याचं यंत्र बसवलं तर तुम्ही सहा महिने त्यांच्याशी बोलला नव्हतात.

बाबा : त्याने खात्याचा अपमान केला होता.

लेक : तेच म्हणते मी.

बाबा : थांब, थांब. पातेलं मोठं. चांगलं दहा-बारा लिटरचं. मला नेहमी प्रश्न पडायचा, एवढं पातेलं उकळते आणि माझ्या बादलीत गरम पाणी येतं तांब्याभर! वर सगळं गार! मी म्हणायचो, अगं, हे पाणी कुणी प्यायलं का वाटेत?

लेक : हो. तुम्हीच. संध्याकाळी.

बाबा : म्हणजे तीस वर्षं मी कोमट पाण्याने आंघोळ केली!

डॉक्टर : आणि गेले चार महिने एकदम कडकडीत. आंघोळ निर्जंतुक आणि पिणं कच्चं. काका, तुमच्या कातडीला काही म्हणजे काही होणार नाही.

बाबा : हसू नका, डॉक्टरीणबाई. आणि तुम्हाला कसं ठाऊक हे?

डॉक्टर : ते... तुम्ही निवृत्त झालात ना, आठ वर्षांपूर्वी. तेव्हा काकू माझ्याकडे आल्या होत्या. म्हणाल्या, आता हे दिवसभर घरात असतात, माझं एक काम अडतंय. काहीही सांगा, पण सकाळी ह्यांना बाहेर काढा.

बाबा : चालणं!

डॉक्टर : हो.

बाबा : तुम्ही मला सांगितलं होतंत, गुडघ्यांसाठी रोज पाऊण तास चाललंच पाहिजे! आठ वर्षं मी बागेला फेऱ्या मारल्या! थंडीत मारल्या! कानाला मफलर बांधून!

डॉक्टर : गुडघ्यांना ते चांगलंच होतं. खोटं नव्हतं सांगितलं.

बाबा : आणि बरोब्बर पाऊण तास का? मी एकदा विचारलं होतं, अर्धा तास चालणार नाही का? तर तुम्ही म्हणालात, नाही, पाऊणच.

डॉक्टर : काकू म्हणाल्या होत्या, पातेलं उकळून पंख्याखाली ठेवून हाताला सोसेल इतकं गार व्हायला पाऊण तास लागतो. अर्ध्या तासात पिंप गरम लागलं असतं.

बाबा : आणि तू गं? तुला कधीपासून ठाऊक?

लेक : मी तिसरीत होते तेव्हापासून. सुट्टीच्या दिवशी मी खिडकीत बसायचे. तुम्ही कोपऱ्यावर पेपर घेऊन परत येताना दिसलात की मी मोठ्याने पाढे म्हणायला लागायचे. ती खूण होती.

बाबा : मी सगळ्यांना सांगायचो, पोरगी सुट्टीच्या दिवशीसुद्धा पाढे म्हणते म्हणून!

लेक : आणि मला सतराचा पाढा अजून येत नाही. सोळाला पोचेपर्यंत तुम्ही दारात असायचात.

(बाबा खुर्चीत मागे टेकतात. बाहेर बाकावर कुणीतरी खोकतं.)

बाबा : पण का? माझ्यावर विश्वास नव्हता का तिचा? मी गावाला सांगतोय पाणी चांगलं आहे आणि माझ्याच घरात...

लेक : विश्वास होता. तुमच्यावरच होता. तुम्हीच तिला सांगितलंत ना.

बाबा : मी? मी काय सांगितलं?

लेक : बाबा, ती जास्तीची बाटली आठवते?

बाबा : कुठली?

लेक : तुम्ही आदल्या संध्याकाळी नमुन्यांच्या रिकाम्या बाटल्यांचा क्रेट घरी आणून ठेवायचात. चोवीस बाटल्या.

बाबा : हो, पहाटे निघावं लागायचं ना. चोवीस ठिकाणं, चोवीस बाटल्या. एकदा काय झालं, डॉक्टरीणबाई, लॅबमधून अहवाल आला पंचवीस बाटल्यांचा. चोवीस पिण्यास योग्य आणि एक अयोग्य. तिच्यावर ना नंबर, ना जागेचं नाव. मी जाऊन त्या लॅबवाल्याशी असा भांडलो! म्हटलं, तुमची बाटली माझ्या क्रेटमध्ये घुसडता? माझे चोवीस, म्हणजे चोवीस! त्याला माफी मागायला लावली मी.

लेक : आणि घरी येऊन जेवताना ते सगळं आईला रंगवून सांगितलंत.

बाबा : सांगितलं असेल. राग आला होता. म्हटलं, कुठल्या गटाराचं पाणी होतं कोण जाणे, असलं पाणी जनावराला देऊ नये.

लेक : ती बाटली आपल्या स्वयंपाकघरातली होती.

बाबा : आपल्या?

लेक : आई तुम्हाला कितीदा म्हणाली होती, आपल्या नळाचं पाणी एकदा तपासा, मला त्याला वास येतो. तुम्ही म्हणायचात, घरचा नमुना घ्यायचा नाही, तो पक्षपात होतो.

बाबा : तो नियम होता.

लेक : कुणी केला होता?

बाबा : मीच. पण होता.

लेक : मग तिने स्वतः घेतला. पहाटे तुम्ही दाढी करत होतात तेव्हा घरातलीच एक बाटली भरून क्रेटच्या कोपऱ्यात फडक्याखाली सरकवली.

बाबा : असा घेतलेला नमुना धरता येत नाही. कुठलीही बाटली घ्यायची, नळाखाली धरायची, त्याला काय अर्थ आहे? बाटली घाण असली तरी नापास.

लेक : बाटली उकळली होती. आदल्या दिवशी दुपारी.

बाबा : झाकणासकट?

लेक : झाकण वेगळं. चिमट्याने काढलं होतं, बोट लावलं नव्हतं.

बाबा : नळ जाळून घेतला होता का? नळाच्या तोंडाशीच जंतू असतात. स्पिरिटचा बोळा पेटवून नळाला लावायचा असतो.

लेक : लावला होता. तुमच्याच पेटीतला बोळा होता. पडदा थोडा जळला होता, तुम्ही विचारलं तर माझं नाव सांगितलं.

बाबा : हो, तुला मी ओरडलो होतो. बरं. पाणी वाहू दिलं होतं? नळ सोडला आणि लगेच बाटली लावली, असं चालत नाही. दोन मिनिटं...

लेक : मी मोजलं होतं. एकशे वीसपर्यंत. मला तेव्हा शंभरच्या पुढे चुकायचं, म्हणून आईने शेवटचे वीस माझ्याबरोबर मोजले.

बाबा : ...काठोकाठ भरली होती का?

लेक : वर बोटभर जागा ठेवून. तुम्ही ठेवायचात तशी.

बाबा : मग नमुना बरोबर आहे.

डॉक्टर : काका, थोडं पाणी हवंय का? हे बाटलीतलं आहे.

बाबा : नको. मी त्या लॅबवाल्याला काय काय बोललो... त्याच्या बापापर्यंत गेलो होतो. आणि नमुना बरोबर होता.

डॉक्टर : तुमच्या खात्याची चूक नसेलही. रस्त्यावर पाणी चांगलं असेल. तुमच्या इमारतीत जमिनीखालची टाकी आहे ना? तिच्या शेजारून गटाराची लाइन जाते का?

बाबा : जाते. पण टाकी दर वर्षी धुतात.

लेक : कोण धुतं?

बाबा : धुतली असं खालच्या फळ्यावर लिहिलेलं असतं.

लेक : फळ्यावर!

बाबा : मला काय माहीत? माझी हद्द रस्त्यावरच्या नळापर्यंत. पाणी इमारतीत शिरलं की माझं काम संपलं.

डॉक्टर : तुमचं संपलं. काकूंचं तिथे सुरू झालं.

लेक : बरं, जाऊ दे ते आता. सव्वाबारा वाजलेत. औषध लिहून द्या, डॉक्टर, आम्ही निघतो. माझ्याकडे यंत्र आहे, गरम जेवण आहे, माणसं आहेत.

डॉक्टर : एक मिनिट, ताई. काकांना एक विचारते. काका, मला कागदावर कारण लिहायचंय. काय लिहू? तुम्ही म्हणालात, पाणी उत्तम आहे.

बाबा : हं.

डॉक्टर : पाणी उत्तम असेल, तर मग चार महिन्यांत तीनदा पोट का बिघडलं, ते मला सांगता येत नाही. म्हणजे एकट्याने राहणं तुम्हाला झेपत नाही. मग ताईंचं म्हणणं बरोबर, दोनची बस.

बाबा : आणि पाणी वाईट असेल तर?

डॉक्टर : तर ते उकळलं की झालं. त्याला कुलूप लावायची गरज नाही.

लेक : डॉक्टर, तुम्ही कुणाच्या बाजूने आहात?

डॉक्टर : मी फक्त कागद भरतेय. बोला काका. विचार करून बोला हं.

बाबा : तुम्ही मला पेचात पकडताय.

डॉक्टर : हो.

बाबा : चौतीस वर्षं... लोक भांडायला यायचे खात्यात, पोरं आजारी पडली म्हणून. मी त्यांना अहवाल दाखवायचो. छातीवर हात ठेवून सांगायचो, मी स्वतः हेच पितो, मला बघा.

लेक : बाबा, असू दे. काहीही लिहा, डॉक्टर. त्यांना असं नका...

बाबा : थांब. मला बोलू दे. डॉक्टरीणबाई, लिहा. राहत्या घरातल्या स्वयंपाकघराचा नळ. पाणी, पिण्यास अयोग्य.

डॉक्टर : लिहिलं.

बाबा : खाली सही करू का?

डॉक्टर : गरज नाही.

बाबा : तरी करतो. सहीशिवाय अहवाल नसतो. ...हे घ्या. आणि आता हिला सांगा, बॅग उघडून माझे शर्ट परत कपाटात ठेव म्हणावं.

लेक : बाबा, असं काय आहे हो त्या घरात? दोन खोल्या. खिडकीचं दार लागत नाही. शेजारी माणसं चार. माझ्याकडे यायला तुम्हाला काय होतं?

बाबा : तुझ्याकडे सगळं आहे, बाळा. जावई चांगला आहे. पण तुझ्या घरी मी बसलो, की मला ती आठवायची कशी? तिथे ती कुठे उभी राहायची, कुठे बसायची, काही ठाऊक नाही मला. वर्षातून दोनदा यायची, पाहुण्यासारखी. इथे मी नुसती मान वळवली तरी... असो. मला तुझ्यासारखं नीट सांगता येत नाही.

लेक : सांगितलंत की नीट.

डॉक्टर : ताई, पंधरा दिवस द्या. पंधरा दिवस हे पाणी उकळतील, मी परत तपासणी करीन. तेव्हा जंतू निघाले, तर मी स्वतः बॅग उचलून बसमध्ये ठेवते.

लेक : आणि खाणं?

बाबा : खाईन.

लेक : काय खाल?

बाबा : तू करशील ते. चौकीदाराला सांगतो, बाबा, आता तू बारीक हो.

डॉक्टर : दोन दिवस मऊ भात, केळं. मग भाज्या, डाळ, रोज एक अंडं. उभ्याने नाही, बसून. आणि बिस्किटाचे पुडे घरात नकोत.

बाबा : खारे सुद्धा?

डॉक्टर : खारे सुद्धा.

बाबा : एकटा बसून खायचं म्हणजे...

लेक : रोज एक वाजता मी फोन लावून समोर ठेवीन. मीही तेव्हाच जेवते. काय वाढून घेतलंय ते दिसलं पाहिजे. आणि पाणी कसं उकळणार, ते सांगा आधी.

बाबा : मला शिकवतेस? उकळी आली की बंद करायचं.

डॉक्टर : नाही. मोठे बुडबुडे खळखळून वर आले, की त्यानंतर पूर्ण एक मिनिट. मग झाकण ठेवून गार करायचं. पिंप आधी घासून घ्यायचं. पाण्यात हात बुडवायचा नाही. आणि त्याच पाण्यात मीठ-साखर.

बाबा : झाकण ठेवून. बरोबर आहे. नाहीतर वरून परत पडतं. आणि डॉक्टरीणबाई, टाकीचं मी बघतो. उद्या औषध लागू पडलं की चार नमुने घेतो. टाकीत येणारं, टाकीतलं, पहिला मजला आणि आमचा. लॅबमध्ये नेऊन देतो. अहवाल आला की त्या फळ्यावरच लावतो, सगळ्यांना वाचू दे.

डॉक्टर : आधी पोट थांबू दे.

बाबा : थांबेल हो. एक विचारू? बस दोनला आहे ना, मग हिला वेळ आहे. मला पाच मिनिटं इथे बसू द्या.

डॉक्टर : बसा ना. मी बाहेरच्या पेशंटला पाहून येते.

लेक : बाबा? आईचा राग आला का?

बाबा : नाही गं. एवढंच वाटतंय, एवढे पाहुणे यायचे आपल्याकडे. मी प्रत्येकाला ग्लास हातात देऊन पाण्याची तारीफ ऐकवायचो. किती गोडवा आहे बघा, यंत्राच्या पाण्याला असतो का! ती शेजारी ताट घेऊन उभी असायची. चेहरा एकदम साधा. तिला हसू कसं यायचं नाही?

लेक : यायचं.

बाबा : मी तर कधी पाहिलं नाही.

लेक : तुम्ही पाहुण्यांना सोडायला खाली गेलात की. ओट्याला धरून हसायची. तुमची नक्कल करायची, ग्लास असा वर उजेडात धरून. एकदा इतकी हसली की खाली फरशीवरच बसली, आणि मला म्हणाली, मला उठव, ते येतील.

बाबा : इतकी?

लेक : इतकी.

बाबा : वारंवार?

लेक : महिन्यातून दोन-तीनदा तरी. पाहुणे आले की हमखास.

बाबा : मला नेहमी वाटायचं, माझ्यासारख्या रुक्ष माणसाबरोबर हिचा जन्म कंटाळण्यात गेला.

लेक : छे हो.

बाबा : म्हणजे मजेत होती.